गुळवेलीची शोकसभा

२ जुलै

बुलबुलाची अंडी फुटली! कडुनिंबावर चढलेल्या माझ्या गुळवेलीत, ऐन गर्दीत घरटं. दोन पिल्लं, दोन चोची, बाकी काहीच नाही.

चार वर्षांपूर्वी हरसूलच्या कुसाबाईने रानभाज्यांच्या पाटीतून वीतभर कांडी आणून दिली होती. आज वेल भिंत ओलांडून शेजारच्या धनराजच्या बाजूलाही लोंबते. जंगल असं सुरू होतं!

सकाळी कोयत्याने घाणेरी तोडता तोडता रविवार वीस तारखेच्या सोसायटीतल्या भाषणाची तालीम केली. विषय : देशी वेली, देशी जीव. श्रोता एकच, धनराजचा कॅमेरा. त्याच्या कुंपणावरून थेट माझ्या बागेत डोळा! सोसायटीच्या बैठकीत मी त्याविरुद्ध चाळीस मिनिटं बोलले होते. तरी ढिम्म.

‘घाव घाला तो मुळावर!’ या वाक्याला हात झकास पडला. तसाच ठेवायचा.

५ जुलै

कापली. माझी वेल कापली!

जमिनीपासून हातभर वर, एकच तिरका घाव. घाणेरीच्या ढिगाऱ्याआड होता, आज ढीग उचलला तेव्हा दिसला. आता पानं वाळणार, घरटं उघडं पडणार, आणि समोरच्या तारेवर कावळा बसलेलाच आहे.

आमचे हे म्हणाले, “गेली का वेल?”

गेली नाही. मारली!

आणि कोणी ते मला माहीत आहे. गेल्याच आठवड्यात धनराज म्हणाला होता, “ताई, तुमच्या वेलीवरून एखादा साप येईल माझ्या गॅलरीत.” लासलगावला तीस वर्षं कांद्याचे लिलाव केलेला माणूस. त्याला बुलबुल काय कळणार?

६ जुलै

कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. आधी म्हणाला, बघून सांगतो. संध्याकाळी आला तो मान खाली घालून.

“राहू द्या ना ताई. कशाला ते?”

बस्स! चोराचा चेहरा याहून वेगळा काय असतो?

भाषणाचा विषय बदलला. वीस तारखेला वेलीची शोकसभा. गुन्हेगाराचं नाव व्यासपीठावरून घेणार. सोसायटीच्या ग्रुपवर तसं टाकलं. अकरा जणांनी हात जोडले, एकाने चुकून केक पाठवला.

८ जुलै

पानं अजून हिरवी. हट्टी आहे. माझीच वेल.

१३ जुलै

धनराजने भिंतीवर कुंडी आणून ठेवली. बरोबर माझ्या वेलीखाली! आधी खून, मग अतिक्रमण! ग्रुपवर सात परिच्छेद लिहिले. त्याचं उत्तर : “बरं ताई.”

हे म्हणाले, “माणूस बरा आहे गं.” यांना जेवणात फक्त वरण-भात दिला.

१७ जुलै

पिल्लं उडाली!! दोन्ही! एक आधी धपकन जास्वंदीत पडलं, मग जणू तेच ठरवलं होतं अशा थाटात बसून राहिलं.

कुसाबाई भाज्या घेऊन आली. मी तिला तो घाव दाखवला, दाखवताना रडले. ती मात्र पाटी खाली ठेवून हसायलाच लागली.

“अगं ताई, ही मरत नाय! खालून तोडली तं वरून दोरा सोडते. माती गावली का झालं.” मग वर बोट केलं. “तो काय!”

वेलीतून सुतळीसारखं एक मूळ थेट खाली उतरलेलं. चार बोटं खाली धनराजची कुंडी. कुंडीत शेणखत घातलेली ओली माती.

“त्यानंच इचारलं मला गेल्या बाजारी, वेल जगवायची कशी,” कुसाबाई म्हणाली. “हुशार हाय गडी.”

मी गप्प बसले. यांनी घड्याळात पाहिलं.

१८ जुलै

रात्रभर विचार केला. कुंडी म्हणजे पश्चात्ताप! म्हणजे गुन्हा कबूल! शोकसभा रद्द, आता विषय ‘हत्येचा प्रयत्न’. भाषण उलट जास्त रंगेल.

धनराजला सांगितलं, “उद्यापर्यंत चित्रण दाखवा. नाहीतर परवा नाव घेते.”

त्याने कपाळावर हात मारला. “ताई, लय हट्ट करता तुम्ही. या उद्या. पण एकट्याच या.”

१९ जुलै

पाहिलं. दोन जुलै, सकाळचे सात चाळीस. माझाच हिरवा पदर, माझाच कोयता, डोळे मिटलेले. चित्रणाला आवाज नाही, तरी वाक्य ओळखलं. हात खरंच झकास पडला होता.

धनराजच्या बायकोने चहा दिला. येताना कुंडीत डोकावले. मूळ मातीला टेकलंय.

उद्याचं भाषण दोन शब्दांचं आहे : मीच कापली. तालीम झाली. कोयता धनराजकडे ठेवायला दिलाय.