पत्ताकोबी काय म्हणते

जनवाडा,
ता. ५ जानेवारी २०२५

चि. सोनूस कमलआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोन केला असता, पण सूनबाई महानंदा फोन लावला की स्पीकर चालू करते आणि मी काय बोलते ते अंगणातल्या कोंबड्यांनाही कळतं. पोरगी गुणाची आहे, तरी काही गोष्टी सुनेदेखत बोलता येत नाहीत. तुझ्या बापालाही यातलं काही कळवू नकोस. माझा भाऊ असला तरी त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तर ऐक. दिवाळीआधी मला ताप आला होता ना, तो जाताना माझा वास घेऊन गेला. नाक जागेवर आहे, चमकी चमकते आहे, पण वास कशाचाच येत नाही. त्याच्यामागं चवही गेली. भाकरी खाल्ली काय नि माती खाल्ली काय, सारखंच. नाक असून नकटी झाले बघ.

नैवेद्य दाखवायच्या आधी मी कधी जिभेवर थेंब ठेवला नाही, उष्टं होतं. मीठसुद्धा मी वाफेच्या वासावरून ओळखत आले. कमलबाईच्या नाकात तराजू आहे असं लोक म्हणायचे. कमठाण्याला नणंदेच्या नातवाचं जावळ झालं, तेव्हा मटणाचं पातेलं माझ्याकडेच होतं. मी दोनदा मीठ घातलं. कुणी चकार शब्द काढला नाही, पण पंगतीत पाण्याचे तांबे सारखे फिरायला लागले आणि मला कळायचं ते कळलं. घरी येऊन गुडघ्याचं निमित्त केलं आणि चूल महानंदाच्या हाती दिली.

आता खरं सांगते, मला भीती वाटते. ताटावर बसते, दोन घास चिवडते, उठते. आमचे हे, तुझे मामा, विचारतात की कामून जेवनास, तर उपास आहे म्हणते. पोलकी खांद्यावरून ओघळायला लागली. असंच चाललं तर पुढच्या दिवाळीला मी असेन का, असं मनात येतं. तू कलबुर्गीला नर्सिंग शिकतेस, यावर काही औषध असेल तर कळव. आणि स्वतः नीट जेव.

आहे तेवढी माया ठेव, जमलं तर मूठभर वाढव.

तुझी आत्या,
कमल


कलबुर्गी,
ता. १२ जानेवारी

ती. कमलआत्यास सोनूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग नाव न सांगता आमच्या डॉक्टर सरांना विचारलं. तापानंतर असं होतं, पुष्कळांचा वास हळूहळू परत येतो, काहींचा येत नाही, पण तपासून घ्यायलाच हवं, असं ते म्हणाले. तुला खोटी आशा लावणार नाही. तू इकडे ये, मी सोबत येईन.

तोवर एक गोष्ट सांगते. आम्ही तिघी मैत्रिणींनी खानावळ सोडली. सध्या पत्ताकोबीला कुत्रं विचारत नाही, म्हणून एक गड्डा आणि पावशेर चिकनचा खिमा आणला की तिघींची मेजवानी होते. हे मी बसस्टँडसमोरच्या चायनीजच्या गाडीवर शिकले. गाडीवाला गुरप्पा, आळंदचा. आत्या, तो माणूस बघत राहावा असा आहे. समोर बसचा धूर, मागे गटार, तिथं कसला वास येणार? चवही घेत नाही. कढईकडे पाठ करून गिऱ्हाइकांशी बोलत असतो आणि नेमक्या क्षणी वळून उलथणं मारतो. मी विचारलं की कळतं कसं. तर तो हसून म्हणाला की पत्ताकोबी बोलायलीय की, तुम्हाला ऐकू येईना व्हय. तेव्हापासून मी ऐकते आहे आणि माझं नवल अजून संपलं नाही.

तूही करून बघ. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापव. तेल घालून खिमा पसर आणि हात लावू नकोस. तो आधी चर्रर्र ओरडेल, मग पाणी सोडून पुटपुटत बसेल. पुटपुट थांबून तडतड ऐकू आली की परतून घे. त्यात आलं-लसूण आणि लगेच बारीक चिरलेली पत्ताकोबी. डोंगर होईल, भिऊ नकोस. ती चरचरते आहे तोवर सगळं ठीक. आवाज बसून फसफस सुरू झाली म्हणजे पाणी सुटलं, जाळ वाढव. शेवटी मिरपूड, दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, कांद्याची पात, आणि उतरव. बाटल्या बिदरला मिळतील. सॉस खारट असतो, वेगळं मीठ नको. मसाला भाजायचा नाही, म्हणजे नाकाचं कामच नाही. झाकण ठेवायचं नाही. तुझ्या हाताला सवय आहे म्हणून पुन्हा सांगते, झाकण नाही.

मामांना नमस्कार. लोभ तुझा आहेच, आता त्यात दोन घास तुझ्याही पोटात जाऊ देत.

तुझी,
सोनू


जनवाडा,
ता. १९ जानेवारी

चि. सोनूस अ. आ.

तुझी पत्ताकोबी शिजली. जरा जास्तच शिजली. गॅसवर केली, अख्खा गड्डा चिरून घातला, आणि हात आपोआप झाकणाकडे गेला. कढईत तळं झालं. हे बाळंतिणीचं पथ्य हाय का, असं तुझे मामा म्हणाले. महानंदा पदर तोंडाला लावून हसत होती. मी आत जाऊन बसले. माझ्याच्यानं होत नाही, बाळ. औषधाचं तेवढं बघ.

रागावू नकोस, माया असू दे.

आत्या


कलबुर्गी,
ता. २४ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न.

गॅसवर? अगं, गुरप्पाच्या शेगडीचा जाळ कढईच्या वर येतो. तुझ्या परसात मटणाची चूल आहे, तुरीची रास होऊन तुराट्यांची गंजी लागली असेल. त्या पेटव. गड्डा अर्धाच घे. एकदाच, माझ्यासाठी. नाही जमलं तर पुन्हा म्हणणार नाही.

पायावर डोकं ठेवते, पाठीवर हात असू दे.

सोनू


जनवाडा,
ता. २ फेब्रुवारी

चि. सोनूस आत्याचे उदंड आशीर्वाद.

कानामागून आलीस आणि तिखट झालीस ग पोरी. काय सांगू तुला, कुठून सुरुवात करू तेच कळत नाही.

काल संध्याकाळी परसातली चूल पेटवली. तुराट्यांचा जाळ भडकतो आणि तितक्याच लवकर बसतो, म्हणून महानंदाला पुढं सारायला बसवलं. खिमा टाकला आणि मी डोळे मिटले. खरंच ओरडला ग तो. मग पुटपुटला. मी उलथणं धरून गप्प बसले. व्यंकट मागून म्हणत होता की आई, करपायलंय, हलव की, पण मला तडतड ऐकू यायची होती. आली. मग पत्ताकोबी घातली. एवढा ढीग कढईबाहेर सांडत होता, आणि बघता बघता निम्मा झाला. जन्मभर पत्ताकोबी चिरली, पण ती अशी बसताना मी कधी नीट पाहिलीच नव्हती. मध्येच आवाज मऊ पडला. मी म्हटलं, जाळ घाल. महानंदानं मूठभर तुराट्या सारल्या, ज्वाळा कढईच्या कडेवर आल्या आणि पुन्हा चरचर सुरू झाली. माझ्या अंगावर काटा आला. नाकानं ओळखत आले ते सगळं कानाला ऐकू येत होतं आणि मी कधी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. आज सकाळी मुद्दाम कान देऊन बसले. मोहरी थांबते तो क्षण, भाकरी फुगताना सोडते तो सुस्कारा, डाळ घट्ट होताना जड होत जाणारा खदखदाट, सगळे बोलत असतात ग. देवानं एवढं सगळं चुलीत भरून ठेवलंय आणि मी एका नाकासाठी रडत बसले होते.

काल महानंदानं विचारलं की डोळे कामून मिटलात. मी सांगून टाकलं. ती म्हणाली की दूध करपायलं तरी तुम्ही शेजारी बसून राहिलात, मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही बोलेपर्यंत मी कसं विचारू, असंही म्हणाली. मी तिच्या हातावर हात ठेवला. तुझ्या मामांनाही कळलंय आता. पुढच्या आठवड्यात ते मला घेऊन तुझ्याकडे येतायत, तुझ्या डॉक्टरांना दाखवू.

आधी बाप-लेक जेवले, मागून आम्ही दोघी. घास तोंडात घातला. चव आली नाही, तुझ्याशी खोटं बोलत नाही. पण पत्ताकोबी दाताखाली कर्रकन वाजली आणि तो आवाज डोक्यात घुमला. मग खिम्याची करपलेली कड कुरकुरली, ती वेगळी. कांद्याची पात कचकन तुटली, ती आणखी वेगळी. मी चावत राहिले आणि ऐकत राहिले. महानंदा जेवायची थांबून माझ्याकडे बघत होती. ताट संपलं. कढईत बघितलं तर चिमूटभरसुद्धा उरलं नव्हतं, बाप-लेकांनी आधीच फडशा पाडला होता.

मी उठले, उरलेला अर्धा गड्डा काढला आणि चिरायला बसले. तुझे मामा म्हणाले की आता कोण जेवायचं राहिलंय. मी म्हटलं, मी. मला भूक लागली होती, सोनू.

येताना भाकऱ्या बांधून आणते, खिमा तू आणून ठेव. बाकी माया तुझ्याजवळ आहेच.

तुझी आत्या,
कमल