रजईत शिवलेली कोष्टकं

ल्युबेक, नोव्हेंबर १६३१

माझ्या आईस,
देव तुझे गुडघे धड ठेवो. माझा खोकला गेला, काळजी नको. चर्चमध्ये बायका अजून तुझ्यापासून लांब बसतात का?

बाबा पृथ्वी फिरते म्हणाले म्हणून त्यांची ग्रहांच्या गतीची कोष्टकं ज्यानं चौकात जाळली, तो ब्रोकमान प्राध्यापक आठवतो ना? बुध सूर्यासमोरून मंगळवारी जाणार, असं जुन्या कोष्टकांवरून सांगून मेल्यानं सगळ्या नगरपित्यांना आमंत्रणं दिली. बाबांच्या आकड्यांत मात्र शुक्रवार होता, चार दिवस आधीचा. मी ब्रोकमानला कळू दिलं नाही.

शुक्रवारी त्याच नगरपित्यांना आमच्या भिंगांच्या दुकानाच्या माडीवर आणलं. खिडक्या बंद करून दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडला. बुधाचा काळा ठिपका त्यावरून सरकताना सगळ्यांनी पाहिला. मंगळवारी ब्रोकमानकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

काल तो दारात आला. "पोरी, ती कोष्टकं मिळतील?"

"तुम्हीच जाळलीत की!"

"एखादी प्रत असेलच ना?"

तू रजईत शिवून दिलेली प्रत काढली, पण घरी नेऊ दिली नाही. आत्ता माझ्यासमोर बसून स्वतःच्या हातानं उतरवून घेतोय. पहिल्याच ओळीत बाबांचं नाव आहे. तिथं त्याचा हात थांबला.

मी दौत पुढे सरकवली.

तुझी, अजून न निवळलेली,
गेझा