केशरबाईचा हात

२ फेब्रुवारी १९७३, शुक्रवार

आज बी एक शब्द बोलले न्हाय. तिसरा शुक्रवार!

भूमला दवाखान्याच्या मागं पत्र्याची खोली हाय. तिथं आमी सात-आठ जण गोल करून बसतो. सगळ्यांना एकच रोग. महारोग. लिहिलं एकदाचं!

दवाखान्यातले मल्लिकार्जुन सर आदी बोटांचे व्यायाम घेत्यात. मग माती देत्यात, तलावाच्या खोदकामातली काळी. मनाला येईल ते करा म्हणत्यात, आन् करता करता मनातलं बोला. द्वारकाबाई बोलायला लागली की थांबत न्हाय. नवऱ्यानं टाकलं ते बी हसत सांगती. माझी पाळी आली की माझी मान खाली. "सर, ह्या पोरीची जीभ बी बधिर झाली का वो?" म्हणली. सगळे हसले. मी बी हसले, आतल्या आत.

मातीचं काई झालं न्हाय. गोळा केला, मोडला. परत केला, परत मोडला.

४ फेब्रुवारी

ही वही आठवीची. मागली पानं कोरी राहिली ती राहिलीच.

माझ्या डाव्या कोपरावर चट्टा व्हता, रुपयाएवढा. आईनंच हुडकला. डोळे मीट म्हणली आन् बाभळीचा काटा टोचला. "टोचलं का?" म्या म्हणलं, कवा? तिनं काटा फेकून दिला. दुसऱ्याच दिशी मला घेऊन भूमची एसटी धरली.

शाळेत कळलं. बाकावर शेजारी कुणी बसंना. मला कुणी काढलं न्हाय, मीच जायची बंद झाले.

आमच्या ईट गावात आईनं सगळ्यांना सांगितलंय, आमची गुलाब शिवणक्लासला जाती.

७ फेब्रुवारी

शेजारची जाईबाई मावशी पोलक्याचं कापड घेऊन आली! "इतके दिस शिकतीस, येवढं पोलकं शिव की गं." मी आईकडं बघितलं, आई माझ्याकडं. आई म्हणली, "देती की! येवढंच ना?"

मला तर सुईत दोरा ओवता येत न्हाय!!

९ फेब्रुवारी, शुक्रवार

पिशवीतून कापड काढलं आन् द्वारकाबाईपुढं ठेवलं. तिला कळलं, घरी कायतरी सांगूनच सगळी हितं येत्यात. मातीचं काम सोडून हातशिलाईनं पोलकं शिवत बसली. "आता माझी बी फी लागू करा सर, हितं शिवणक्लास निघालाय," म्हणली.

१२ फेब्रुवारी

मावशी म्हणली, बाह्या लई घट झाल्या. तुमच्या क्लासवाल्या बाईला सांग म्हणली. सांगते!

१५ फेब्रुवारी

आई दुष्काळी कामावर खडी फोडती. बाकीच्या बाया हाताला चिंध्या बांधत्यात, तरी हाय हाय करत्यात. आई न्हाय. मुकादम म्हणतो, केशरबाईचा हात म्हंजी लोखंड.

रेशनला तांबडी मिलो मिळती, अमेरिकेची ज्वारी. तिची भाकरी उलथन्यानं उलटली की तुकडे पडत्यात. आई हातानंच उलटती, तापल्या तव्यावर. चुलीतला इंगळ बी बोटानं सारती. मावशी बघत बसती. "केशर, हात हाय का चिमटा गं तुझा?" आई हसती. तिला असं कुणी म्हणलं की बरं वाटतं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सर म्हणले, आज एक हात करा. सोताचा न्हाय, ओळखीचा.

म्या आईचा केला.

बसले ती बसलेच. कवा दुपार झाली कळलं न्हाय. वाटलं व्हतं आठवणार न्हाय, पण सगळा हात पाठ व्हता! अंगठ्याजवळचा खड्डा. वाकडी करंगळी. तिच्या शेजारचं बोट बी तसंच, आत वळल्यालं. भाजल्याचे डाग काडीनं काढले. बोटं धरत्यात कशी ते बी आलं. माझ्या हातानं असं काई केलं आजवर? मलाच खरं वाटंना.

पिराजीआबा माझ्या शेजारी बसत्यात. लई जुने पेशंट. ते वाकून बघाय लागले. "कुणाचा गं?"

"आईचा," म्या म्हणलं. मोठ्यानं! द्वारकाबाईनं हातातली माती खाली ठेवली.

आबांनी सोताचा हात माझ्या मातीच्या हाताशेजारी ठेवला. तोच खड्डा. तशीच करंगळी.

"पोरी, तुझ्या आईला चटका बसतो का गं?"

म्या काडीनं काढल्याल्या डागांकडं बघितलं.

"न्हाय," म्हणलं.

२४ फेब्रुवारी

आज आईच्या करंगळीला फोड आलता, बोराएवढा. तिला ठावंच न्हाय.

२ मार्च, शुक्रवार

सगळं बोलले. पहिल्यांदाच. रडत बोलले, पण बोलले. गावाला कळलं तर काय? आईला कामावरून काढलं तर? आन् आईला मी कसं सांगू? ती मला सांगती, मी तिला न्हाय!

सर म्हणले, गोळ्यांनी रोग जागच्या जागी थांबतो. वाकल्यालं बोट सरळ हुईलच असं न्हाय, पण राहिल्याला हात वाचतो. जेवढा उशीर, तेवढा हात जातो.

आबा म्हणले, "माझ्या घरात समद्यांना दिसत व्हतं. तोंड कुणी उघडलं न्हाय. मला वाईट वाटंल म्हणून!" आन् सोताच्या बोटांकडं बघून हसले.

निघताना सर म्हणले, "गुलाब, तुला बघता येतं." हे मला कुणी म्हणलं नव्हतं. एसटीत सगळ्यांचे हात बघत आले.

५ मार्च

मातीचा हात फडक्यात गुंडाळून आणला व्हता, तो चुलीपुढं ठेवला. आई म्हणली, "ह्ये कुणाचं?"

"तुझा."

उचलून बघितला. फिरवून बघितला. "येवढा वाकडा हाय व्हय माझा?"

माझ्या मुठीत बाभळीचा काटा व्हता. म्हणलं, "आई, डोळे मीट."

तिनं मिटले न्हाईत. घागर उचलली आन् पाण्याला गेली. टँकर यायला अजून दोन तास व्हते.

७ मार्च

आईनं मातीचा हात फोडला न्हाय. कोनाड्यात बुद्धाच्या फोटोजवळ ठेवलाय.

८ मार्च

आज आईनं भाकरी उलथन्यानं उलटली. तुकडे झाले. दोघींनी तुकडेच खाल्ले.

९ मार्च, शुक्रवार

एसटीत दोघी. फाट्यावर जाईबाई मावशी म्हणली, "केशर, तू बी क्लासला?" आई म्हणली, "व्हय. लई उशीर केला शिकायला."

सरांनी विचारलं, कवापासून कळत न्हाय हाताला? आई म्हणली, "ही पाळण्यात व्हती तवापासून. माझं म्या झाकलं. हिचं दिसलं, ते झाकवलं न्हाय."

म्हंजी तो काटा तिनं आदी सोताला टोचला व्हता.

निघताना तिनं सोताचे हात बघितले, दोन्हीकडून, कुठं भाजलंय-कापलंय का, सरांनी सांगितलं तसे. मग माझे बघितले.