भिंतीला टेकलेली खाट

३ मार्च, मंगळवार

पोचले एकदाची. लाँचमधून उतरताना एक चप्पल पायात, एक हातात, साडीचा काठ चिखलात! हे धक्क्यावर उभे. दोन वर्षांनी बायको दिसते आणि माणूस म्हणतो काय — "बॅग जड दिसते." ती उचलली आणि पुढे चालू लागले. मी मागून बोलतेय, बोलतेय. एका शब्दाला उत्तर नाही.

लाँच फक्त मंगळवारी. सतरा तारखेच्या लाँचने दोघांनी परत जायचं. ठरवूनच आले आहे. यांची सत्तरी आली. बर्फाच्या कारखान्याचं यंत्र काय जन्मभर हेच सांभाळणार? सासूबाई होत्या तोवर मला हलता येत नव्हतं, मग माझी शाळा. आता दोन्ही नाहीत. घरात एकटी मी आणि घड्याळ.

४ मार्च

घर म्हणजे कारखान्याला चिकटलेल्या दोन खोल्या. भिंतीपलीकडे यंत्र, अखंड घरघर. ताटात वाटी थरथरते. मध्येच अमोनियाचा भपका येतो, डोळ्यांत पाणी. ट्रंकेतल्या चपलांवर बुरशी धरलीय. बाहेर पाऊल टाकलं की अंगाला ओलं कांबळं गुंडाळल्यासारखी हवा.

यांची खाट नेमकी यंत्राच्या भिंतीला टेकलेली. माझी आतल्या खोलीत घातली. "इथे तुला झोप यायची नाही." काळजी की सोय? नवऱ्याकडे इतक्या लांब यायचं, आणि मध्ये दार!

७ मार्च

कारखाना पाहिला. पत्र्याचे लांबट डबे पाण्यात बुडवून उलटे करतात, आतून बर्फाची लादी सुळकन निसटते. मग भुशात गुंडाळून होड्यांवर. त्या आवाजात कोणी बोलतच नाही, सगळा कारभार हातांनी. मूठ उघडली — लादी सुटली. दोन बोटं ओठांना — चहा. आणि हे! हातवारे करकरून गप्पा मारतात, खांदे हलेपर्यंत हसतात. यांना असं हसताना शेवटचं कधी पाहिलं मी?

माझ्याशी फोनवर "हं", "बरं", "ठेवतो." पुढे तेही बंद. म्हणे लाइन खराब आहे. सोयीची लाइन.

भुसा पसरणाऱ्या बाईला म्हटलं, "तुमच्याशी बरे बोलतात." तर तिने वर न बघता सांगितलं, "बाई, मिस्त्रींशी तोंडानं कोण बोलतंय?" आणि फिस्कन हसली. आगाऊ!

९ मार्च, सोमवार

हे मोरीत पाठमोरे तवा घासत होते. सरळ विचारलं, "अहो, येणार ना माझ्याबरोबर?" माझ्या एका हाकेसरशी शेवटच्या बाकावरच्या मुली ताठ बसायच्या — आणि ही एक पाठ!

मग नको ते बोलून गेले. "मला एकटीला करमत नाही हो तिथे." उभ्या जन्मात असं कोणाला म्हटलं नव्हतं. पाठीला सांगितलं. पाठ तवा घासत राहिली.

१० मार्च, मंगळवार

लाँच आली, गेली. भोंगा कारखान्याच्या आवाजातूनही ऐकू येतो.

१२ मार्च

दुपारी सगळं गाव आडवं होतं, आम्हीही. यंत्राचा पट्टा निसटला, घरघर थांबली. मला काय झालं ते उमगायच्या आत हे उठून बाहेर! चष्मासुद्धा न घेता. माझ्या हाकेला ओ नाही आणि ही नुसती गप्प बसली की धावत जातात. या वयात लोखंडाशी सवतीमत्सर — हसू येतं, आणि येतही नाही.

१४ मार्च

भुसेवालीला हाताशी धरून यांची खाट ओढत आत आणली, माझ्या खाटेला लावली. तिची कुरकुर — "मिस्त्रींना चालायचं नाही, बाई." न चालायला काय झालं!

हे आले, खाटेकडे बघत राहिले. "भिंतीलाच बरी होती गं."

मी म्हटलं, "राहू दे. दोन दिवस तरी."

राहू दिली. झोपताना मी हात उशीपाशी ठेवला. त्यांनी धरला. तेवढंच.

१६ मार्च, सोमवार

दुपारी जाग आली. काय चुकलंय ते आधी कळेना. मग कळलं — आवाजच नाही. होड्यांवर आपटणारं पाणी ऐकू येत होतं. यंत्र बंद. बाहेरून हाका — "मिस्त्री! ओ मिस्त्री!"

हे शेजारी शांत झोपलेले.

"अहो," म्हटलं. मग मोठ्याने. मग शाळेच्या व्हरांड्यात मारायचे तशी खणखणीत हाक मारली. पापणी हलली नाही.

खाट भिंतीला का होती... भिंत थरथरायची थांबली की यांना जाग यायची. आवाजाने नव्हेच; आवाज यांना ऐकूच येत नाही. धक्क्यापासूनची ती पाठ, मोरीतली पाठ, तो फोन!

खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडून माझा चेहरा पाहिला, आणि यंत्र थांबल्याचं ओळखलं. तसेच अनवाणी गेले.

१७ मार्च, मंगळवार

भोंगा होऊन गेला. बॅग भरलीच नव्हती. दोन्ही खाटा भिंतीला लावल्या. हे आले, तेव्हा त्यांच्या अगदी समोर बसले आणि दोन बोटं ओठांना लावली.

हे म्हणाले, "मला वाटलं, फोनवर तूच माझ्याशी बोलेनाशी झालीस."