उजेडाचा ठिपका

४ ऑक्टोबर, शनिवार
आले एकदाची. खोली दुकानाच्या वरच आहे. एक खिडकी रस्त्यावर उघडते, दुसरी मागच्या झाडांवर. पलंग कुरकुरतो, पण कुरकुरणाऱ्यांना सरळ करण्यातच माझी हयात गेली आहे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, तेव्हा लेक म्हणाली, आई, आता तरी स्वस्थ बस. स्वस्थ बसलेलं माणूस गंजतं. हे गेल्यापासून घरात भिंती न्याहाळत बसणं मला जमेना, म्हणून ही नोकरी धरली. जुन्या फोटो स्टुडिओत हाताने फोटो दुरुस्त करायचे. डाग, ओरखडे, उंदरांनी कुरतडलेले कोपरे, सगळं ब्रशने पूर्ववत करायचं. हाताला काम, डोक्याला शिस्त.

मागच्या रस्त्यावर पानगळ जोरात आहे. सामान लावायच्या आधीच कॅमेरा घेऊन खाली उतरले. तिरपं ऊन, तांबूस पानांचे ढीग, त्यातून गेलेली एक सायकलची रेघ. झाडूवाली हसून म्हणाली, बाई, माझा कचरा फोटोत भरून नेताय होय? न्या, न्या, तेवढंच माझं काम हलकं!

७ ऑक्टोबर
मालकांना सगळे मास्तर म्हणतात. मी शाळेतली बाई, ते दुकानातले मास्तर, बघू कुणाचं चालतं. त्यांचे धाकटे भाऊ आत डार्करूम सांभाळतात. सदानकदा काळा चष्मा. अंधाऱ्या खोलीत काळा चष्मा म्हणजे भर पावसात झाडांना पाणी घालण्यासारखं, असं मी म्हटलं. धाकटे हसले नाहीत. खिशातून थेंबांची बाटली काढून चष्म्याच्या कडेने डोळ्यांत थेंब सोडले आणि आत गेले.

मास्तरांनी कामाचा एकच नियम सांगितला. सुरकुत्या काढा, टकलावर केस उगवा, वाटेल ते करा, पण ज्याचे डोळे फोटोत मिटलेले आहेत, ते मिटलेलेच ठेवायचे. माणूस जिवंत असेल तर त्याला पुन्हा बसवू, नवा फोटो काढू. गेलेला असेल तर डोळ्यांना ब्रश लावायचा नाही. कारण विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे तशी पद्धत आहे, बाई.

पद्धत! आळसाला कोट चढवला की त्याला पद्धत म्हणतात.

१२ ऑक्टोबर, रविवार
सुट्टी. सकाळ सगळी फोटोंत गेली. न्हाव्याच्या दुकानाच्या काचेवर चिकटलेलं ओलं पान, बंद पडलेलं कारंजं, बाकावर कुणाचा तरी विसरलेला हातमोजा. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

कामात हात बसला आहे. मास्तर चष्मा कपाळावर चढवून बघतात आणि काही बोलत नाहीत. म्हणजे पसंत आहे. उघड्या डोळ्यांचा रंग उडालेला असेल तर मी शेवटी बाहुलीवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका ठेवते, मोहरीहूनही बारीक. तो उजेडाचा. तो नसला की चेहरा मेल्यासारखा दिसतो, असला की माणूस आत्ता बोलेल असं वाटतं. वर्षानुवर्षं मुलींकडून हेच घोकून घेतलं.

ह्यांची आठवण आली. कॅमेरा समोर आला की ह्यांचे डोळे मिटलेच म्हणून समजा. एका फोटोत उघडे असतील तर शपथ! मी खेकसायची, अहो, डोळे उघडे ठेवा! हे म्हणायचे, तू आहेस ना बघायला, मग मी कशाला बघू? बागेतल्या बाकावरचा आमचा दोघांचा शेवटचा फोटो. त्यातही मी ताठ, आणि शेजारी हे झोपल्यासारखे.

१६ ऑक्टोबर
मास्तर लग्नाला परगावी गेले आहेत. समोरच्या शिंपीणबाई आईचा फोटो घेऊन आल्या. आई गेली, आणि मागे राहिला तो हा एकच, तोही डोळे मिटलेला. म्हणाल्या, बाई, एकदा तरी तिने माझ्याकडे बघावं हो. मास्तर नाही म्हणतात, तुम्ही तरी बाईमाणसाचं ऐका.

ऐकलं. बाईंचेच डोळे समोर होते, आईचे तसेच असणार. दुपारपर्यंत पापण्या उघडल्या, बाहुल्या भरल्या, ठिपके ठेवले. शिंपीणबाई फोटो छातीशी धरून रडल्या. जाताना म्हणाल्या, आता तुमचे ब्लाउज जन्मभर माझ्याकडे.

ब्रश ओलाच होता. ह्यांचा फोटो वरून खाली आणला. ह्यांचे डोळे मला पाठ आहेत, डाव्यात तपकिरीत एक पिवळी चीर आहे. तीही काढली. शेवटचा ठिपका ठेवताना धाकटे आतून आले. त्यांनी माझं मनगट धरलं. माणसाचा हात इतका गार असू नये. फोटोकडे बघून म्हणाले, ठेवला का? मग हात सोडला आणि आत गेले.

विचित्र माणूस.

१८ ऑक्टोबर
फोटो टेबलावर उभा केला आहे. हे सरळ माझ्याकडे बघतात. जन्मात पहिल्यांदा फोटोत माझं ऐकलं. चहा घेताना त्यांच्याशी चार शब्द बोलले, हसू आलं.

माझे डोळे थोडे कोरडे वाटतात. वाळलेल्या पानांची धूळ असेल.

२१ ऑक्टोबर
शिंपीणबाई आल्या. फोटो टॉवेलात गुंडाळलेला. म्हणाल्या, आई माझ्याकडे बघत नाही. आधी बघायची, मग भिंतीकडे बघायला लागली, आता फोटोच्या बाहेर कुठेतरी बघते आणि तिचं तोंड — आणि रडू लागल्या. मी दटावलं की रंग वाळताना जरा सरकला असेल, इतकं रडायला काय झालं? टॉवेल सोडला.

रंग सरकलेला नाही. बाहुल्या पार कडेला गेल्या आहेत. काठ स्वच्छ आहेत, माझ्याच हातचे. तोंड मी रंगवलंच नव्हतं.

वर येऊन ह्यांचा फोटो बघितला. ह्यांची नजर डावीकडे गेली आहे. बाकामागच्या कुंपणाकडे. तिथे काहीच नाही, नुसता अंधार पडलेला कोपरा. त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

२३ ऑक्टोबर
मास्तर परतले. मी स्वतःहून सांगितलं, चूक केली की सांगायची, ही माझी शिस्त. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, आणि धाकट्यांना बोलावून म्हणाले, तूच सांग.

धाकट्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. गेलेली माणसं डोळे मिटून असतात, ती विश्रांती नव्हे. जिथे ती असतात तिथे दुसरंही काही असतं. मिटून गप्प राहिलं की त्याला कळत नाही तिथे कुणी आहे. आपण डोळे उघडतो आणि वर ठिपका ठेवतो. त्या अंधारात तेवढाच उजेड. तो लांबून दिसतो. ते त्याच्या दिशेने चालू लागतं.

मी विचारलं, ठिपक्यात उजेड येतो कुठून, रंगच तो. म्हणाले, ज्याने ठेवला त्याच्या डोळ्यांतून. म्हणून मग त्याचे मिटत नाहीत. त्यांनी त्यांच्या आईचे उघडले होते. ऐन तारुण्यात, हौसेने.

ते पोचलं का, मी विचारलं. पोचलं, म्हणाले, आणि चष्मा काढला. खिडकी त्यांच्या समोर होती, ऊन भरभरून आत येत होतं. त्यांच्या डोळ्यांत खिडकी नव्हती. काहीच नव्हतं. कोळशासारखे दोन गोल.

२४ ऑक्टोबर
थोतांड, असं लिहायला बसले होते. पण काल दुपारपासून माझी पापणी लवलेली नाही. बोटाने ओढते, सोडली की वर जाते.

ह्यांच्या डोळ्यांवर पापण्या रंगवल्या. दाट रंग, दोन हात. वाळेपर्यंत शेजारी बसले. वाळल्यावर तो सालपटासारखा गळून टेबलावर पडला, आणि खाली ह्यांचे डोळे, ओले. नजर कुंपणावरून अलीकडे आली आहे.

ठिपक्यावर काळा रंग लावला. चहा ओतून वळते तो ठिपका पुन्हा जागेवर.

जाळून टाकू का, असं धाकट्यांना विचारलं. म्हणाले, मी जाळला होता. त्यानंतर ते कुठवर आलं आहे, तेवढंही कळेनासं झालं.

२६ ऑक्टोबर, रविवार
फोटो काढायला गेले नाही. लेकीचा फोन आला, आवाज का असा, येऊ का म्हणाली. मुळीच येऊ नकोस म्हटलं. चिडली. चिडू दे. हा फोटो तिला पाठवून चकित करायचं होतं. तेवढं एक राहिलं, बरं झालं.

बाहेर पानं पडतायत. सगळी दिसतात. एकही पान चुकत नाही, कारण मी —

२७ ऑक्टोबर
माझ्याकडे ठेवलेल्या फोटोत शिंपीणबाईंच्या आईचे ठिपके गेले. मी समोर असताना. आधी एक, मग दुसरा, कुणीतरी ओल्या बोटांनी वात चिमटावी तसे. त्याआधी क्षणभर तिची नजर वर गेली होती. उंच, फार उंच, जवळ उभ्या असलेल्या कुणाकडे बघावं तशी.

शिंपीणबाईंनी दारातून विचारलं, मिटले का हो आईचे डोळे? निजली का?

निजली, म्हणाले मी. खोटं बोलणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करत असे.

२८ ऑक्टोबर
आरशात बघितलं. माझ्या डोळ्यांत खिडकी फिकट झाली आहे. चौकट तेवढी दिसते.

शिंपीणबाईंच्या आईचे ठिपके विझले, त्यात माझा इतका उजेड गेला. आता ह्यांचं —

थेंबांनी काही होत नाही. ओळी तिरक्या जातायत.

२९
भिंग लावून पाहिलं. ठिपका मी कोरा पांढरा ठेवला होता. आता त्यात काहीतरी उभं आहे. सकाळी मुंगीच्या पायाएवढं होतं. आता ठिपका अर्धा झाकला आहे.

ह्यांनी कधी कुणाला दुखवलं नाही. गुपचूप होते तिथे. मिटून होते. मी जाऊन दिवा लावला —

३०
नजर आता डावीकडे नाही. वर आहे.

फोटोत मी शेजारी तशीच ताठ बसले आहे. बघत नाही त्यांच्याकडे. जरा वळ ना गं बये, हात तरी धर त्यांचा —

३१
हे माझ्याकडे बघतात. पहिल्या दिवसासारखे, सरळ. क्षणभर वाटलं, टळलं.

नाही. पापण्यांच्या कडा थरथरतायत. मिटायचा प्रयत्न करतायत. माझ्याकडे बघून विचारतायत, मिटू का? आयुष्यभर मीच ओरडले ना —

उजवा ठिपका गेला.

आरशात माझाही उजवा —

डाव्यात अजून आहे. पिवळ्या चिरेपाशी, एवढासा.

अहो, मिटा. मी सांगते, मिटा डोळे. नाही रागावणार. मी आहे ना बघायला, मी बघते त्याच्याकडे, तुम्ही फक्त मि