छकुली वहिनीला आई म्हणते त्याबद्दल

नागोया, जपान
जानेवारी १९९७

तीर्थरूप जोतीरामदादास,

राजीचा नमस्कार. रागानं केलाय, पण केलाय. आबांचा गुडघा कसा हाय? पिंपळीत ऊसतोड आली का? शेळ्या व्याल्या का? ह्याची उत्तरं सावकाश दे, आधी माझं ऐक. (तुला 'तुमी' म्हणून लिवायचं ठरवलं हुतं. तुझं पत्र परत वाचलं, आन् जमलं न्हाय.)

तू लिवतोस, छकुली आता झुंबरवहिनीला आई म्हणते, रमलीय, शाळंत जाईस्तोवर हितंच ऱ्हाऊ दे. वर म्हणतोस, 'तू तिकडं लोकांच्या पोरांची शेंबडं पुसतेस, तिला कोण बघणार?' वा रं वा! दीड वर्सामागं ह्यांना कंपनीनं एकच खोली दिली, म्हणून पोरगी तुमच्यापाशी ठेवली. ती कायमची दिली व्हय? आता दोन खोल्या मिळाल्या, मी काम करते त्या पाळणाघरात तिची जागा धरली, मे महिन्यात न्यायला येते म्हणून कळवलं, तर तू मला 'रमलीय' सांगतोस!

आन् हितं कसं चाललंय म्हणतोस, तर हितं भांडायला माणूस मिळत न्हाय. कचरासुदिक वार बघून टाकायचा, जळणारा येगळा, डबे-बाटल्या येगळ्या. मी चुकले. शेजारची म्हातारी माझी पिशवी घेऊन परत माझ्या दारात. मी पदर खोचून तयार (पदर न्हवता, स्वेटर हुता, तोच खोचला). तर ती वाकली. मी वाकले. ती परत वाकली. जिना उतरंस्तोवर वाकत हुती बया! आपल्या इंदापूरच्या एसटीत नुसता पाय लागला तरी दोन गावं जाईपर्यंत भांडण पुरतं. मला तर घरात येऊन रडू कोसळलं, ओरडायचं कुणावर तेच कळंना.

पाळणाघराचं तर इचारूच नको. दोन-दोन वर्सांची पोरं, कडाक्याच्या थंडीत आखूड चड्डीवर, आपले बूट आपणच कप्प्यात ठेवत्यात. एकाला मांडीवर घेऊन घास भरवला तर बाकीची चमचे खाली ठेवून बघत बसली, जसं काय मी पापच करते. मग एक दिवस फोटोवाला आला. सगळी नवी कापडं घालून ओळीत, गाल ही एवढे. माझा जीव खालीवर. दृष्ट न्हाय का लागायची? आईनं दिलेली काजळाची डबी पिशवीत हुतीच. एकेकाच्या गालाला तीट लावली, चांगली ठळक. फोटोवाला कॅमेऱ्यामागून डोकं काढतोय, आत घालतोय, परत काढतोय. मोठ्या बाई धावत आल्या. म्हटलं, आता शिव्या! तर मला एक शब्द बोलल्या न्हाईत. संध्याकाळी पोरांना न्यायला येणाऱ्या एकेका आईपुढं माझ्या चुकीपायी त्या वाकल्या, आन् शेजारी मी वाकले. कंबर धरली माझी. दादा, त्यापेक्षा चार शिव्या खाल्लेल्या बऱ्या.

आन् केन्ता म्हणून एक बारका हाय, त्याची तीट पुसली तर त्यो गाल पुढं करून परत माझ्यासमोर उभा, अजून लाव म्हणून. त्याला उचलून घेतलं. तवा ध्यानात आलं, माझी छकुली उचलायला आता किती जड लागत असंल ते मला म्हायतीच न्हाय.

व्हय, पुसते मी शेंबूड! लोकांच्या पोरांचा पुसते, मग माझ्या पोरीचा पुसायचा मला हक्क न्हाय? वहिनीनं तिला सांभाळलं, मी तिच्या पाया पडंन. पर आई म्हणायला कुणी शिकवलं? (शिकवावं लागत न्हाय. जी जेवू घालते, झोपवते तिला पोरं आई म्हणत्यात, रोज बघते मी. तरी बी राग येतो.) आन् त्यो तुझ्यावरच काढणार. हितं कुणावर काढू?

तुझीच, बोलून न दमलेली,
राजी

ता. क. — मे महिन्यातलं येणं पक्कं हाय. काळा मसाला कुटून ठेवा. अडवायचा इचार असंल तर तू मळ्यातच झोपायला जा.

आणखी एक — खरं सांगायचं ते ऱ्हायलंच. मी यायच्या आदल्या दिवशी वहिनीला तिच्या माहेरी, मोरगावला, आठ दिस पाठव. गणपतीचं सांग, तिच्या आईच्या तब्येतीचं सांग, काय बी सांग. ती समोर असली तर छकुली माझ्याकडं यायची न्हाय.

पाकीट चिकटवलं हुतं, परत उघडलं — वहिनीला कुठं बी पाठवू नको. पोरगी तिच्याबिगर झोपायची न्हाय.