पत्रिकेवरचं घर

दर्यापूर,
दि. १४ मे २०२५

गोदाताईले लहान्या बहिणीचा, माणकीचा नमस्कार.

आमी सारे बरे आहो. तुह्या गुडघ्याचं कसं आहे? इकडं ऊन मरणाचं तापून राहिलं, झेंडू पार जळाला. करिश्मा काल जावयासंगं येऊन गेली, खुशीत आहे. फोन केला नाई, कारण माहा फोन तू उचलतच नाई. पण तू पोरीच्या लग्नातून न जेवता गेली, तेव्हापासून मले घास गोड लागून नाई राहिला.

त्या दिवशी इथं काय झालं ते तुले कुठं माहीत? मुहूर्त जवळ आला अन् चांदूर रेल्वेहून निघालेली वरात गायब! आमच्या यायनं, करिश्माच्या बाबानं, व्याह्याले फोन लावला, तर तो म्हणे, "आमी केव्हाचेच पोचलो. पोहे खाऊन राहिलो." यायनं इचारलं, "अहो, पण कोणाच्या घरी?" तर म्हणे, "गोदाबाईच्या."

आमच्या शिवमनं पत्रिकेवर नकाशाचा तो चौकोनी कोड छापला होता. मोबाईल धरला की रस्ता सांगते म्हणे. ड्रायव्हर त्या मोबाईलमधल्या बाईचं ऐकत गेला. मूर्तिजापूरहून वळायचं सोडून सरळ अकोल्यात, तुह्या दारात! पत्रिकेवर दर्यापूर एवढं ठळक लिहिलं होतं, पण वाचते कोण?

ताई, तू दार लावून घेतलं असतं तरी कोणी तुले बोललं नसतं. करिश्मासाठी तू आणलेलं स्थळ यायनं चारचौघात मोडलं, तेव्हापासून आपलं बोलणं बंद. लग्नाचं आवतण द्याले कुंकू-अक्षता घेऊन मीच याले पाह्यजे होतं. तू उंबऱ्यातून परत लावशीन या धाकानं आली नाई. अन् तू? साऱ्या वऱ्हाडाले चहापाणी केलं, नवं लुगडं नेसली अन् गाडीत पुढं बसून वरात मांडवात आणली!

अन् मले पाह्यल्याबरोबर म्हणाली, "माणके, पत्रिकेत माहं घर छापलं, अन् मलेच पत्रिका नाई?" आमचे हे तोंड लपवत तुह्यासाठी सरबत आणाले पळाले. मी हसू का रडू! किती वर्षांनी माणके म्हटलं तू मले. पण अक्षता टाकल्या अन् निघाली. बिनआवतणाचं जेवत नाई म्हणे.

काल शिवमले रागावली, "कोड चुकला कसा रे?" तो म्हणे, "मले करिश्माताईनंच पाठवला होता." तिच्या मोबाईलात 'घर' म्हणून अजून तुहंच घर आहे. कॉलेजात असताना तुह्याकडं राहे ना, तेव्हाचं. तिनं कधी बदललंच नाई. लग्नाच्या गडबडीत 'घर' दाबलं अन् देल्लं पाठवून.

खरं सांगू? आधी मले लागलं. पोटात म्या वागवली, अन् पोरीचं घर तुह्याकडं? मंग रडत बसली, अन् रडता रडताच हायसं वाटलं बापा. आपण दोघी तोंडं फिरवून बसलो, पण पोरीनं तुले सोडलं नाई.

येत्या रविवारी आमी दोघंही येऊन राहिलो. पत्रिका, कुंकू, अक्षता, बुंदी, सारं घेऊन. लग्न होऊन गेलं तर गेलं, आवतण तर राहिलंच आहे. यायनंच म्हटलं, "गोदाताईले आपण वाढू." तू फक्त पाटावर बस.

काल शिवम करिश्माच्या मोबाईलातलं ते घर बदलून राहिला होता. म्या त्याचा हात धरला. म्हटलं, राहू दे, बरोबर आहे.

तुहीच,
माणकी